दोनचा रिपीट

माझ्या टीव्हीवर इन्स्पेक्टरने खुन्याचं नाव घेतलं आणि स्लॅब खाली आला. मी मागच्या गॅलरीत चादर पिळत होते. वरच्या मजल्यावरच्या टीव्हीवर ते नाव आलं नाही. वरचा टीव्ही माझ्यापेक्षा दोन सेकंद मागे असायचा, कारण त्यांच्याकडे डिश होती आणि माझ्याकडे केबल. रोज प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू यायचं, एकदा माझ्या हॉलमधून आणि एकदा वरून. त्या दिवशी ते एकदाच आलं.

आवाज ट्रकमधून खडी ओततात तसा होता. फक्त तो लवकर संपला नाही. मग पांढरी धूळ आली, डोळे उघडता येईनात. जरा बसल्यावर मी मागे वळून बघितलं. किचन होतं. ओटा होता, मिसळणाचा डबा होता. किचनच्या दारापलीकडे हॉल नव्हता. तिथे उजेड होता. मी चादर परत एकदा पिळली, झटकली आणि दांडीवर वाळत टाकली. असं का केलं ते मला विचारू नका. हातात होती म्हणून टाकली.

अग्निशमन दलाच्या माणसांनी मला गॅलरीतून शिडीने खाली उतरवलं. खाली एकाने विचारलं, "आजी, आत अजून कोण आहे?"

"वर दुसऱ्या मजल्यावर एक बाई आहे."

"कुठल्या खोलीत असेल?"

"हॉलमध्ये. टीव्हीसमोर."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. त्यांना तिथे मीच बसवलं होतं.

आमची इमारत डोंबिवलीतली, तळमजला आणि वर तीन मजले, सोळा खोल्या. मालक वेगळा, आम्ही सगळे जुने भाडेकरू. महापालिकेने इमारत धोकादायक असल्याचा फलक लावला आणि पाणी तोडलं. वीज तोडायचा कागद कुठेतरी अडकला होता, ती चालू राहिली. शहाणी माणसं अशा वेळी निघून जातात. आमच्याकडे तसं होत नाही. खोली सोडली की ताबा गेला, आणि ताबा गेला की नवीन इमारतीत खोली मिळेल की नाही ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून घरातली सगळी भाड्याने दुसरीकडे जातात आणि एक माणूस मागे ठेवतात. ते माणूस म्हातारं असतं. तरुणांना कामावर जायचं असतं. म्हातारं माणूस बसलेलंच असतं, ते इथे बसलं काय आणि तिथे काय.

मुलगा मला काही म्हणाला नाही. तो कपाट बांधत होता. सून म्हणाली, "आई, तुम्हाला जमेल का एकटीला?"

मी म्हटलं, "टीव्ही ठेवून जा."

ती सगळी कल्याणला गेली, मी राहिले.

टीव्ही मी करमणुकीसाठी मागितला नव्हता. मालकाचा एक माणूस दर दोन-तीन दिवसांनी यायचा आणि जिन्यात उभा राहून कान द्यायचा. ज्या खोलीतून आवाज येत नाही तिच्या दाराचा फोटो काढायचा. तळमजल्यावरचे आजोबा दोन दिवस दवाखान्यात गेले तर त्यांच्या दाराला त्याने स्वतःचं कुलूप घातलं. आजोबा परत आले तेव्हा हातात औषधांची पिशवी घेऊन बाहेर पायरीवर बसले होते. तेव्हापासून सगळ्यांनी टीव्ही मोठ्याने लावायला सुरुवात केली. भाजी आणायला गेलं तरी टीव्ही चालू. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू. सुरुवातीला इमारतीत नऊ टीव्ही वाजत होते. मग सहा, मग चार. पावसाळ्यानंतर दोनच राहिले. एक माझा आणि एक वरच्या ताईंचा.

ताई सरकारी दवाखान्यात आया होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती लग्न करून ठाण्याला कोलशेतला. मी एमआयडीसीत गोळ्यांच्या पाकिटांच्या कारखान्यात पॅकिंगला होते. त्या मराठवाड्याकडच्या, आम्ही कोकणातले. चाळीस वर्षं एका जिन्यात राहिलो. विरजण द्यायचो, वैशाख पौर्णिमेला त्यांच्याकडून खीर यायची, गणपतीत माझ्याकडून मोदक जायचे. पण बसून बोललो असं कधी झालं नव्हतं. दोघींना वेळ कुठे होता? त्या मला वहिनी म्हणायच्या, मी त्यांना ताई.

टीव्ही बंद करायचा नाही हे ठरलं. मग बघायचं काय, हा प्रश्न आला. आधी मी नुसताच लावून ठेवायचे. मग एक दिवस गॅलरीतल्या पाईपवर वरून ठण ठण वाजलं. बाहेर येऊन वर बघितलं तर ताई उलथनं घेऊन उभ्या.

"वहिनी, तुमच्याकडे सारखा तो जमिनींचा जाहिरातवाला का बोलत असतो?"

"मला काय माहीत? लागलंय ते लागलंय."

"अहो, मग दुसरं काहीतरी लावा. माझ्याकडे ऐकू येतं सगळं. मी काय जमीन घेणार आहे का?"

तिथून सुरू झालं. पाईपवर एकदा वाजलं तर गॅलरीत यायचं. दोनदा वाजलं तर आधी टीव्हीकडे पळायचं, कारण काहीतरी चालू झालेलं असायचं. पळायचं म्हणजे माझे गुडघे जेवढे पळतात तेवढं.

साडेसातची मालिका त्यांनी सांगितली.

"ती रडकी?" मी म्हटलं.

"रडकीच आहे. पण साड्या बघा. घरात फरशी पुसतानासुद्धा पैठणी."

मी बघितली. एकाच हळदीला सहा दिवस लागले. तरी सातव्या दिवशी मी पावणेसातला भात लावून मोकळी झाले होते. ताईंना वाटायचं त्यातली सून चांगली आहे. मला ती सून पहिल्या दिवसापासून पटली नाही. इतकं कोणी सोसत नाही, आणि सोसलं तर एवढं बोलून दाखवतं.

मी त्यांना प्राण्यांचं चॅनल सांगितलं. जेवताना लावा म्हटलं, वाघ आहेत. त्या म्हणाल्या, "जेवताना मला कोणी कोणाला खाताना नको." पण दोन दिवसांनी पाईप दोनदा वाजला. मी टीव्हीसमोर पोचेपर्यंत त्या वरून ओरडतच होत्या, "बर्फातले पक्षी! बघा, बाप अंडं पायावर घेऊन उभाय. दोन महिने. बायको समुद्रावर गेलीय."

"परत येते का?"

"सांगणार नाही. बघा."

पुराणातल्या मालिका मी बघायचे, त्या नाही. त्या म्हणायच्या, "तुमचे देव तुमच्याकडे. मला दोन बाण समोरासमोर आले की झोप येते." स्वयंपाकाचा कार्यक्रम त्यांना आवडायचा, मला नाही. त्यात सगळ्यावर चीज किसतात, आणि एवढी वाडगी घासतं कोण ते दाखवत नाहीत. गाण्याच्या स्पर्धेत आमचं दोघींचं एकमत होतं, की गाणाऱ्यापेक्षा ऐकणारे जास्त रडतात म्हणून आवाज बारीक करून बघायची. हिंदी बोलणाऱ्या कोरियन मालिका त्यांनी शोधून काढल्या. मी म्हटलं, मला नावं लक्षात राहत नाहीत. त्या म्हणाल्या, "नावं कशाला पाहिजेत? त्यांच्या सासवा बघा. आपल्या बऱ्या होत्या."

रविवारी हसवण्याचा कार्यक्रम असायचा. मी सहसा हसत नाही. त्या कार्यक्रमात मी हसले की दोन सेकंदांनी वरून त्यांचं हसू यायचं. मोठं हसायच्या, खोकला येईपर्यंत. कधी मी हसले नाही तरी त्या हसायच्या. मग मला कळायचं की तिथे विनोद होता.

एकदा माझ्याकडून चूक झाली. साडेसातच्या मालिकेत नवरा अपघातात गेला असं दाखवलं होतं. पुढच्या भागाला त्यांच्याकडे डिशचा सिग्नल गेला. सकाळी मी गॅलरीतून सांगून टाकलं की तो जिवंत आहे, देवळाच्या पायऱ्यांवर भेटला. त्या आत गेल्या. चार दिवस पाईप वाजला नाही. पाचव्या दिवशी वाजला, आणि त्यांनी वरून नियम घातला. "जिने बघितलं तिने तोंड उघडायचं नाही. दुसरीने स्वतः बघायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मला भांडायचं नव्हतं. चार दिवस मी पुन्हा जमिनींची जाहिरात ऐकली होती.

थंडी सरता सरता त्यांच्या बाथरूमच्या छताचं प्लास्टर पडलं. त्या बाहेर सुकट आणायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. मुलगी कोलशेतहून आली. तिचा आवाज खालपर्यंत येत होता. "आई, खड्ड्यात गेली ती खोली! मला खोली नको, मला तू पाहिजेस. मंगळवारी हे गाडी घेऊन येतील, दोन वाजता. बॅग भरून ठेव." ताईंनी फारसं अडवलं नाही. थकल्या होत्या. पाणी खालून भरून वर न्यायचं म्हणजे चेष्टा नाही.

सोमवारी दिवसभर त्यांची आवराआवर चालली होती. त्या दिवसांत रात्रीच्या गुन्ह्यांच्या कार्यक्रमात एक केस तीन भाग चालली होती. घरातच खून झालेला, आणि घरातलंच कोणीतरी. शेवटचा भाग सोमवारी रात्री होता. मी बघितला.

मंगळवारी सकाळी पाईप वाजला. ताई वरून वाकल्या होत्या.

"वहिनी, कोण निघालं?"

"बघितलं नाहीत?"

"डोळा लागला हो. भांडी बांधून कंबर गेली. सांगा."

"दोनला रिपीट आहे."

"दोनला जावई येतोय."

"त्याला तीन सांगा."

"अहो, नाव सांगा नुसतं. नवऱ्याने ना?"

"नियम तुमचाच आहे."

"मरो तो नियम. आज जातेय मी."

"इतके महिने बसलात, एका तासाने काय होतंय? बघा आणि जा. शेवटी काय दाखवलंय ते सांगण्यासारखं नाही, बघण्यासारखं आहे."

त्या हसल्या. "तुम्ही कारखान्यात असताना पण अशाच होतात का? बरं. पण नवऱ्यानेच केलाय, लिहून ठेवा."

नवऱ्याने केला नव्हता. मी तोंड मिटून राहिले.

त्या गेल्यावर मी इमारतीत एकटी उरणार होते. मला अजून एक तास सोबत पाहिजे होती, म्हणून मी तसं बोलले असेन. किंवा भाग खरंच चांगला होता म्हणून. दोन्ही असेल. मी त्यात शिरत नाही. शिरून निघत काही नाही.

अकराच्या सुमाराला त्यांनी परत हाक मारली. त्यांच्या पिंपात पाणी उरलं होतं. "मी जाणार, ते फुकट कशाला घालवू? बादली घ्या." दोरीला बादली बांधून त्यांनी वरून पाणी सोडलं, मी खालून ओतून घेतलं. सात बादल्या झाल्या. एवढं पाणी माझ्याकडे कित्येक महिन्यांत एका वेळी आलं नव्हतं. मी ठरवलं, जाड चादर धुऊन टाकू. ती दोन महिने तशीच होती.

दोन वाजता दोन्ही टीव्हींवर कार्यक्रमाचं संगीत वाजलं, आधी माझ्याकडे, मग वर. माझा मी लावूनच ठेवला होता, मालकाचा माणूस कान द्यायला येईल म्हणून. मी समोर बसले नाही. मला शेवट माहीत होता. गॅलरीत बसून चादर भिजवली, साबण लावला, घासली. वर त्यांनी खुर्ची ओढली ते ऐकू आलं. टेबलं-खाटा मुलीने आधीच नेल्या होत्या, एक प्लास्टिकची खुर्ची आणि टीव्ही तेवढा उरला होता. टीव्ही जावई शेवटी काढणार होता. जाहिराती लागल्या तशा त्या गॅलरीत आल्या आणि वरून म्हणाल्या, "दिरावर पण संशय येतोय आता."

मी म्हटलं, "जा आत, संपेल जाहिरात."

हे मी त्यांच्याशी शेवटचं बोलले.

पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे. गच्ची तिसऱ्यावर आली, तिसरा दुसऱ्यावर, दुसरा माझ्या हॉलवर, आणि सगळं तळमजल्यात गेलं. मागची बाजू उभी राहिली. किचन आणि गॅलरी मागच्या बाजूला होती.

मला खाली उतरवल्यावर पाचच मिनिटांनी जावई आला. तीनला बोलावलं होतं, तो लवकर आला. रस्त्यात गर्दी होती, धूळ खाली बसलेली नव्हती. त्याने मला एका दुकानाच्या पायरीवर बसलेली बघितलं आणि तो धावत आला. "मावशी, आई खाली आल्या का?"

मी म्हटलं, "नाही."

तो तसाच मागे वळला. मग इमारतीकडे गेला, त्याला पोलिसांनी अडवलं. संध्याकाळी त्यांना बाहेर काढलं. खुर्चीतच होत्या, असं म्हणाले. मी बघितलं नाही. मुलगा मला कल्याणला घेऊन गेला. मला दोन दिवस ताप आला आणि उतरला. रडायला आलं नाही. सून सगळ्यांना सांगत होती, आईंना धक्का बसलाय. धक्का बसला की नाही मला माहीत नाही. भूक लागत होती, जेवत होते.

महिन्याने ताईंची मुलगी कल्याणला आली. सुनेने चहा केला आणि ती आत गेली. मुलीने चहा घेतला नाही. तिने विचारलं, "मावशी, आईने सकाळी ह्यांना फोन करून दोनचं तीन केलं. का ते बोलली नाही. तुम्हाला काही बोलली होती?"

मी सांगितलं. "मी थांबवलं. खुनाचा शेवटचा भाग होता, रात्री त्यांना झोप लागली होती. त्या नाव विचारत होत्या. मी सांगितलं नाही, दोनला बघा म्हटलं."

तिने चष्मा काढला. रागावेल असं वाटलं. रागावली असती तरी चाललं असतं. तिने पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "कोणी केला होता?"

"भावजयीने."

"आईला काय वाटत होतं?"

"आधी नवरा. मग दीर."

"तिचं कधी बरोबर येत नाही," ती म्हणाली. मग ती गार झालेला चहा प्यायली आणि गेली. परत आलेली नाही.

इथे कल्याणला टीव्ही मोठा आहे आणि बंद करायची परवानगी आहे. नात कॉलेजात जाते, ती मोबाईलवर बघते. तिला कंटाळा आला की विचारते, "आजी, काहीतरी सांग ना चांगलं." मी सांगते. हसायचं असेल तर रविवारचं, झोप येत नसेल तर बर्फातले पक्षी, डोकं चालवायचं असेल तर गुन्ह्यांचं. बिल्डिंगखालच्या बाकावर बसणाऱ्या बायकाही विचारतात. एवढं कोणी बघितलेलं नसतं. पण शेवट मी लगेच सांगते, कोणी विचारायच्या आत. नात वैतागते. "आजी, स्पॉइलर का देतेस? आता काय बघू मी?"

"नको बघू," मी म्हणते. "कुठे जायचं असेल तर जा."

खोलीचं अजून काही झालेलं नाही. उरलेली इमारतही पाडली. मुलगा मीटिंगला जातो, कागद घेऊन येतो. मध्ये महापालिकेतला एक माणूस जबाब घ्यायला आला होता. त्याने विचारलं, स्लॅब पडला तेव्हा इमारतीत किती जण होते. सोळा खोल्यांच्या त्या इमारतीत त्या दुपारी आम्ही दोघी होतो. वरच्या ताई गेल्या. मी वाचले.